वसईचे रिकामे मनोरे आणि आपल्या देवळांतील घंटा

भीमाशंकरला शनिमंदिरापुढे टांगलेली मोठी घंटा पिंपरी-चिंचवड, चाकण, राजगुरुनगरच्या बहुतेकांनी पाहिलेली असते. तिच्यावर क्रूस आहे, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानात राहते. कोणाला विचारले तर ठरलेले उत्तर येते : चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा आणलेली ही घंटा. उत्तर बहुधा खरे आहे, पण अपुरे आहे. वसईत ती कुठे होती, कोणत्या मनोऱ्यात होती आणि त्या मनोऱ्याचे पुढे काय झाले? आपल्याकडून वसईच्या किल्ल्यात जाणारे लोक बुरूज पाहतात, दर्या दरवाजा पाहतात, चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी छायाचित्र काढतात आणि परततात. आतली चर्च ‘पडक्या इमारती’ म्हणून राहून जातात. वास्तविक या इमारतींवाचून आपल्या देवळांतल्या घंटांचा अर्थ पुरता लागत नाही.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोन शतके त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे हे मुख्य ठाणे होते. मराठे या मुलखाला फिरंगाण म्हणत. तटबंदीच्या आत पुरे शहर वसलेले होते, आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन या प्रत्येक संघाचे आपापले चर्च व मठ होते.

घंटेच्या मागावर निघालेल्याने आधी सेंट जोसेफ चर्चपाशी जावे. छप्पर केव्हाच गेले आहे, मात्र दर्शनी भिंतीवरचा चौकोनी मनोरा अजून ताठ उभा आहे. आत वर जाणारा चक्री जिना आहे. माहितीपुस्तकांत याला ‘कॅथीड्रल’ म्हणतात. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे आसन असलेले चर्च, आणि पोर्तुगीज काळात वसईला स्वतंत्र बिशप नव्हता. वसई धर्मप्रांत झाला तो १९९८ साली. या चर्चच्या १६०१ च्या शिलालेखात ‘मात्रीज’ असाच शब्द आहे. मात्रीज म्हणजे गावचे मूळ, मुख्य चर्च. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत ते नव्याने उभारल्याचे तो लेख सांगतो. मूळ बांधणी सोळाव्या शतकाच्या मध्याची. गावाला वेळ सांगणारी घंटा अशाच चर्चची असे. सकाळ, दुपार आणि तिन्हीसांजेच्या प्रार्थनेची घंटा वेगळी, मृत्यूची वेगळी. म्हणून मनोरा उंच, आणि वरच्या कमानी चारी दिशांना उघड्या.

जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत शिल्पकामात सर्वांत देखणी. दाराच्या दोन्ही बाजूंचे नक्षीदार खांब आणि येशूच्या नावाची ‘आयएचएस’ ही अक्षरे सावकाश पाहण्यासारखी आहेत. हीच अक्षरे पुढे घंटेवर ओळखायची असतात. हे चर्च आज गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. वसईत जन्मलेले, जेझुइटांकडे शिकलेले हे गृहस्थ पुढे फ्रान्सिस्कन झाले आणि १५९७ साली जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवण्यात आले. १८६२ मध्ये पोपनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत, आणि ते मराठी मुलखातले, हे आपल्या शालेय पुस्तकांनी कधी फारसे सांगितले नाही. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये जमिनीत कोरीव थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवरून पादत्राणे घालून चालू नये, एवढे भान पाहुण्याने ठेवावे. डॉमिनिकनांचे चर्च ओझरते पाहिले तरी चालेल.

मे १७३९ मध्ये वसई पडली. तहाच्या अटी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडण्याची मुभा मिळाली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाचे स्वातंत्र्य मिळाले, आणि वसई शहर, लगतचा भाग व साष्टी मिळून पाच चर्च चालू ठेवण्याचे ठरले. बाकीची ओस पडली. मनोऱ्यांतल्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाट चढून देशावर आल्या.

यात एक गोष्ट मला विशेष वाटते. युरोपात जिंकलेल्या शहराच्या घंटांवर तोफखान्याचा हक्क सांगण्याची जुनी रीत होती; घंटा वितळवून तोफा ओतत. दोन्ही धातू तांबे आणि कथील यांचेच मिश्रण. तोफेत कथील साधारण दहावा हिस्सा, घंटेत पाचवा, म्हणून घंटेचा धातू कडक, ठिसूळ आणि सुरेल. पेशव्यांना तोफांची गरज नव्हती असे कोण म्हणेल? तरीही या घंटा भट्टीत न जाता देवापुढे लागल्या. (त्या ‘पंचधातूच्या’ आहेत असे पुजारी सांगतात, आपल्या मूर्तिकामातला शब्द त्यांना चिकटला असावा.)

आता यादीकडे. भीमाशंकरखेरीज वाईजवळच्या मेणवलीची घंटा १७०७ सालची, नाशिकच्या नारोशंकराची १७२१ ची. थेऊर, पाली, शिरूरचे रामलिंग, पुण्याचे ओंकारेश्वर या ठिकाणांबद्दलही हीच हकिगत ऐकू येते. अप्पांनी पाच घंटा आणल्या असेही सांगतात. वरची नावे मोजली तरी सात होतात. माझ्या मते ‘वसईची’ हा शब्द इथे सैल अर्थाने घ्यावा. ठाणे आणि साष्टीचा बराच भाग १७३७ मध्येच मराठ्यांकडे आला होता, रेवदंडा आणि कोर्लई १७४० च्या तहाने मिळाले. त्या सगळ्या मुलखात चर्च होती आणि घंटा होत्या. सगळ्या घंटा एकाच शहराच्या पदरात टाकल्या की बाकीची गावे इतिहासातून उगाच पुसली जातात.

यावर इलाज घंटा वाचणे हाच. भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत काम केलेल्याला हे कोणत्याही पदवीधराहून लवकर कळेल. अक्षरे उठावाची असतील तर ती साच्यातच होती, म्हणजे साल ओतकामाचेच. खोदलेली असतील तर ती नंतरही कोणी कोरू शकतो. साल १७३९ नंतरचे निघाले तर वसईच्या विजयाशी त्या घंटेचा संबंध लावता येणार नाही. पायऱ्यांवर उभा केलेला क्रूस, ‘आयएचएस’, संताचे किंवा मेरीचे नाव, सालाआधीचा ‘आनो’ हा शब्द, या खुणा शोधाव्यात. एखाद्या संघाची किंवा संताची खूण सापडली तर घंटा कोणत्या चर्चची असावी, याचा अंदाज तरी बांधता येतो. म्हणूनच आधी वसईची चर्च पाहून यावे.

या कथेला पुण्यात एक पुढचा अंक आहे. क्वार्टर गेटचे सिटी चर्च ज्या जागेवर आहे, ती सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील पोर्तुगीज व गोमंतकीय ख्रिस्ती शिपायांसाठी दिली. तिथे पहिली मिसा १७९२ च्या नाताळात झाली. वसईनंतर त्रेपन्न वर्षांनी पेशव्यांच्या राजधानीतच चर्च उभे राहिले.

वसईला जायचे तर पावसाळा सरल्यावरचे दिवस बरे. वसई रोड स्थानकावरून बस किंवा रिक्षाने वसई गाव, तिथून किल्ला. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, पण चर्चच्या गिलाव्यावर नावे कोरणारे आणि लग्नाआधीच्या छायाचित्रणासाठी कठड्यांवर चढणारे थांबलेले नाहीत. देवळांत धोका वेगळा आहे : उत्सवाआधी घंटेला रंग देतात, आणि दर थराबरोबर अक्षरे बुजतात. पुजाऱ्यांची परवानगी घेऊन, संध्याकाळी बॅटरीचा उजेड बाजूने तिरका पाडला तर रंगाखालचे साल अजून वाचता येते. त्याचे छायाचित्र, घंटेचा घेर आणि देवळाचे नाव एवढे टिपले तरी प्रत्येक तालुक्याची यादी एका हिवाळ्यात तयार होईल.