मोरीला पडदा शिवताय?

शहाद्यात, नंदुरबारात खोली करून राहताय आणि मोरीला दारच नाही? मग पडदा तुम्हालाच शिवायचाय. जुनी सुती चादर नको. सूत नुसत्या हवेतूनच वजनाच्या 7-8 टक्के ओल ओढतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पावसाळ्यात चादरीवर काळी बुरशी आलीच समजा. प्लॅस्टिक अंगाला चिकटतं. त्यापेक्षा आईची जुनी सुरती सिंथेटिक साडी मागा (देईल, जरा कुरकुर करून). पण आधी आत दिवा लावा आणि रूममेटला बाहेरून बघायला सांगा. सावली दिसली, तर साडी दुहेरी करा. खालच्या दुमडीत चार गोट्या शिवा, पडदा उडणार नाही. अंघोळ झाली की पसरून ठेवा. गोळा केला, तर पॉलिएस्टरच्या घड्याही कुबट होतात.