गुलाबाईचे खोपटे

आश्विन शुद्ध पौर्णिमेच्या मध्यरात्री ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत लक्ष्मी पृथ्वीवर फिरते, ही श्रद्धा साऱ्या महाराष्ट्राची आहे. आमच्या खानदेशात मात्र त्या रात्री आणखी एका घराकडे सर्वांचे लक्ष असते. ते घर कमरेएवढ्या उंचीचे, ज्वारीच्या धांड्यांचे. आणि त्यात राहणारे कुटुंब मातीचे. फेटा बांधलेले गुलाबराव, शेजारी गुलाबाई आणि तिच्या मांडीवर बाळ गणपती. भाद्रपदी पौर्णिमेस ही मूर्ती कुंभाराकडून घरी येते आणि कोजागिरीस निरोप घेते. मधल्या महिन्यात पितृपक्ष येतो, नवरात्र येते, दसरा येतो. वडील मंडळी श्राद्धपक्षात असली तरी मुलींची गाणी खंडत नाहीत. टिपऱ्या घेऊन त्या घरोघर जातात, सासरमाहेरची गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखावयाचा असतो. साक्रीच्या जुन्या गल्ल्यांत हा डब्याचा आवाज ज्यांनी ऐकला, त्यांस अधिक सांगणे नको.

ही गुलाबाई कोण? विदर्भात आणि जळगावकडे तिला भुलाबाई म्हणतात. कथा अशी की, सारीपाटात सर्वस्व हरलेले शंकर रुसून वनात निघून गेले. तेव्हा पार्वतीने भिल्लिणीचा वेष घेतला, त्यांच्यापुढे नृत्य केले आणि त्यांस भुलवून परत आणले. भुलविणारी ती भुलाबाई, आणि गुलाबाई हे तिचेच रूप, असे परंपरा मानते. कीर्तनात हे आख्यान लावले की माझा एक मुद्दा ठरलेला असतो. जगन्माता जेव्हा रुसलेल्या पतीस आणावयास निघाली, तेव्हा तिने राणीचा शृंगार केला नाही. रानातल्या भिल्लिणीचा केला. आमच्या साक्री तालुक्याच्या पश्चिमेस भिल्ल आणि कोकणा बांधवांची वस्ती आहे. कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर ही त्या डोंगराची जुनी घरे. गुलाबाईस बसविण्याचे घर धांड्यांचे का, याचे उत्तर या कथेतच आहे. भिल्लिणीस भिल्लिणीचेच घर शोभते.

म्हणूनच बाजारातून आणलेला चकाकता महाल मला खटकतो. सोनेरी खांब, कमानी, कळस. आणि त्यात बिचारी भिल्लीण! थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्र शासनाने 2018 साली बंदी घातली, हे चांगलेच झाले. पण थर्माकोल गेला आणि त्याच्या जागी पुठ्ठ्याचा तयार महाल आला, तर गुलाबाईच्या दृष्टीने काय बदलले? घर मुलींनी बांधावयाचे असते. ते विकत आणले की पूजा उरते, खेळ जातो; आणि या व्रतात खेळ हीच पूजा आहे.

यास मोठा आधार कविकुलगुरूंचा आहे. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात कालिदासाने पार्वतीचे बालपण वर्णिले आहे. सख्यांच्या मेळ्यात ती मंदाकिनीच्या वाळूत ओटे रचते, चेंडू खेळते आणि बाहुल्यांशी रमते. पुढे जी घोर तप करणार, तिचे बाळपण कवीने पोथीपुराणात घालविले नाही, वाळूत घालविले. बाहुल्या खेळलेली ती पार्वती आता स्वतः बाहुली होऊन आमच्या मुलींच्या हाती येते. तिचे घर वाकडे झाले, म्हणून ती रागावेल काय?

आता बांधणीविषयी. अंगणात हात-दीड हात जागा शेणाने सारवून घ्यावी व तीवर पाट मांडावा. कणसांसकट पाच ओले धांडे आणावेत, बुंधे पाटाभोवती पसरून रोवावेत आणि कणसांच्या खाली शेंडे एकत्र बांधावेत. कणसांचा झुबका आपोआप कळसासारखा दिसतो. निराळा कळस लागत नाही. पाठीस पानांचा कुड, दाराशी झेंडूची माळ, पुढे रांगोळी. फुटक्या बांगड्यांचे तुकडे, रंगीत कागदाच्या पताका, जुन्या आरशाची काच, जे घरात असेल ते लावावे. मोठ्यांनी गाठ घट्ट करून द्यावी आणि बाजूस बसावे. आयांना हे बसणे फार जड जाते, हे मी पाहिले आहे.

आश्वलायन गृह्यसूत्रात याच पौर्णिमेचे आश्वयुजी कर्म सांगितले आहे. घर सजवून, स्नान करून, शुचिर्भूत वस्त्रे नेसून पशुपतीस शिजवलेल्या अन्नाची आहुती द्यावी, असा तो विधी आहे. आणि नव्या धान्याचे आग्रयणही शरदातच येते. मुलींचा खेळ त्या सूत्रातून निघाला, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण तिथी तीच, घर सजविणे तेच, नवे धान्य तेच आणि देवही तोच. पाटावर बसलेले गुलाबराव पशुपतीच आहेत. सूत्रकारांचे घर यजमानाचे. आमचे घर त्याच्या लेकीने बांधलेले, एवढाच भेद. बिहारात दिवाळीला कुमारिका मातीचा ‘घरौंदा’ उभारतात, तमिळनाडूत नवरात्रात विषम संख्येच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. जिकडे तिकडे शरदातच हे इवले संसार थाटले जातात.

खरी अडचण धांड्यांची आहे. खानदेशात खरिपाची ज्वारी मागे पडली, शेते मक्याने आणि कपाशीने व्यापली. आमची दादर उत्तम, पण ती रब्बीची. कोजागिरीस तिचे कोंब नुकते वर येत असतात, कणीस कोठून मिळणार? मग काही घरी मक्याच्या धांड्यांवर भागवितात. शास्त्रार्थ विचाराल तर त्यात दोष नाही. शेतात उभे असलेले नवे धान्य देवीच्या डोक्यावर यावे, हा हेतू त्याने साधतो. तरी ज्याच्याकडे बांधावर जागा आहे, त्याने आषाढात ज्वारीच्या दोन ओळी लेकींसाठी टाकाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दिव्यांविषयी एक सूचना. वाळली पाने आणि उघडी ज्योत यांचे सख्य नाही. पणत्या खोपट्याच्या आत ठेवू नयेत. दाराबाहेर हातभर अंतरावर, रांगोळीच्या कडेने ओळीने लावाव्यात, आणि मुलींच्या ओढण्या सावराव्यात. विजेच्या रंगीत माळांची तर मुळीच गरज नाही. वर्षातले सर्वांत सुंदर चांदणे त्या रात्री असते. अंगणातला मोठा दिवा घटकाभर मालवून पाहा. पणत्यांचा पिवळा उजेड गुलाबाईच्या मुखावर, कणसांवर पांढरे चांदणे, शेजारी आटणारे दूध, आणि एकामागून एक उघडणारे खाऊचे डबे. विदर्भात तर बत्तीस-तेहतीस खिरापतींची रीत आहे; आमच्याकडे मैत्रिणी जितक्या, तितके डबे.

विसर्जनास आमच्या गावी कान नदी आहे. पाणी असेल तर मूर्ती तेथे न्यावी, नसेल तर घरीच घंगाळात विरघळवून ती माती तुळशीस घालावी. खोपटे सोडताना सुतळी कापू नये, गाठ सोडावी. तीच पुढच्या वर्षी उपयोगी पडते. धांडे गाईपुढे टाकावेत, आणि कणसांची एक जुडी वळचणीला टांगून ठेवावी. दिवाळीपर्यंत चिमण्या ती फस्त करतात.