नातवांनी जपलेला सूर

रागदारीचे शिक्षण नसलेल्या हौशी श्रोत्यालाही स्वतःचे मत असते. अशा श्रोत्याने आवर्जून ऐकावे असे अलीकडच्या दोन मराठी चित्रपटांचे संगीत आहे.

‘मी वसंतराव’ (२०२२) या चित्रपटाचे संगीतकार, गायक आणि नायकही राहुल देशपांडे. त्यांचे आजोबा डॉ. वसंतराव देशपांडे यांनी लष्करी लेखा खात्यात अनेक वर्षे नोकरी करीत गाणे जपले. टेबलावर आकडे आणि मनात सूर बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा संग्रह आपलासा वाटेल. मात्र तो काम करता करता ऐकण्याजोगा नव्हे. त्याला निवांत बैठकच हवी.

‘महाराष्ट्र शाहीर’चे (२०२३) दिग्दर्शक केदार शिंदे हे शाहीर साबळे यांचे नातू, संगीत अजय-अतुल यांचे. अजय गोगावले व श्रेया घोषाल यांच्या स्वरांतील ‘बहरला हा मधुमास’ पहिल्याच श्रवणात मनात रुजते. या गोडव्यापुढे शाहिराच्या डफाची थाप काहीशी मागे पडते, एवढीच रुखरुख.

पहिला संग्रह मुदत ठेवीसारखा, सावकाश फळ देणारा; दुसरा बचत खात्यासारखा, हवा तेव्हा हाताशी असणारा. रसिकाच्या संग्रही दोन्ही असावेत.