चौकट : बासष्ट वर्षांनी प्रकाशात आलेली कादंबरी

लेखिका : कीव येथे १९०३ साली जन्मलेल्या, परंतु फ्रेंच भाषेतच कीर्ती संपादन केलेल्या ज्यू लेखिका इरेन नेमिरोव्स्की यांनी इसी-लेव्हेक या खेड्यात आश्रयास असताना ‘स्वीत फ्रांसेज’ लिहावयास घेतली. १३ जुलै १९४२ रोजी त्यांना अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात आउश्वित्झच्या छावणीत त्यांचा अंत झाला. संकल्पित पाच खंडांपैकी दोनच सिद्ध झाले.

कथासूत्र : जिचा पती जर्मनांच्या कैदेत आहे आणि जिच्यावर सासूची अहोरात्र नजर आहे, त्या ल्युसिलच्याच घरी ब्रुनो फॉन फाल्क हा शत्रुपक्षाचा अधिकारी मुक्कामास येतो आणि पियानोच्या सुरांसवे उभयतांत अनुराग अंकुरतो, तथापि जर्मन अधिकाऱ्यास ठार करून फरारी झालेल्या शेतकऱ्यास आसरा देण्याचा प्रसंग येताच या सासू-सुना एक होतात.

पार्श्वभूमी : १९४० च्या पराभवात सुमारे १८ लाख फ्रेंच सैनिक कैद झाल्यामुळे शेतीवाडी, दुकान आणि घर यांचा कारभार स्त्रियांच्या शिरावर आला, मतदानाचा हक्क मात्र त्यांना १९४४ च्या फर्मानाने मिळाला व १९४५ मध्ये प्रथम बजावता आला.

हस्तलिखित : कागदाच्या टंचाईपायी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेली ही वही कन्या डेनिस हिने लपतछपत फिरताना पेटीतून सांभाळली आणि पुढे भिंगाखाली धरून उतरवून काढली. २००४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी त्यास रनोदो पुरस्कार मरणोत्तर लाभला.