बरगड्यांना हवी मंद आच; गोड लेप शेवटीच

डुकराच्या बरगड्या घरी भाजताना आच मोठी ठेवली किंवा गोड लेप सुरुवातीलाच लावला, तर बाहेरचा थर करपतो आणि आतील मांस चिवट राहते.

बरगड्यांच्या मांसात कोलॅजेन हे चिवट प्रथिन भरपूर असते. मांसाचे तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर त्याचे सावकाश जिलेटिनमध्ये रूपांतर होते व मांस मऊ होते. डुकराच्या अखंड मांसासाठी अमेरिकी कृषी विभागाने २०११ मध्ये ६३ अंश तापमान आणि त्यानंतर तीन मिनिटांचा अवधी पुरेसा ठरवला. ही मर्यादा सुरक्षिततेची आहे; बरगड्या मऊ होण्यासाठी मात्र ९० ते ९५ अंश गाठावे लागतात.

त्यासाठी हाडांकडील पातळ पापुद्रा ओढून काढावा आणि मीठ-मसाला चोळावा. ओव्हनमध्ये त्या फॉईलमध्ये घट्ट गुंडाळून १५० अंशांवर अडीच ते तीन तास ठेवाव्यात. स्मोकरमध्ये सुमारे ११० अंशांवर पाच ते सहा तास लागतात.

अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या प्रसिद्ध सॉसमध्ये टोमॅटो, व्हिनेगर आणि काकवीसारखे दाट मोलॅसिस असते. त्यातील साखर लवकर करपते. म्हणून ओव्हनमधील फॉईल उघडून असा लेप शेवटच्या १५ ते २० मिनिटांतच, दोन पातळ थरांत लावावा.

तापमान मोजताना थर्मामीटरचे टोक हाडाला लागू देऊ नये. मांस हाडांच्या टोकांपासून मागे सरकले, की बरगड्या तयार झाल्याचे समजावे.