तापाच्या नोंदवहीतलं हवामान

हिवतापाच्या रुग्णाला चावलेला डास लगेच दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. परजीवीला आधी त्याच्या अंगात वाढावं लागतं. फॅल्सिपेरम जातीच्या परजीवीला त्यासाठी 20 अंश सेल्सिअसला सुमारे चार आठवडे लागतात. 25 अंशांना साधारण बारा दिवस पुरतात. मादी डास जगतो बहुधा दोन-तीन आठवडे. म्हणजे गारव्यात परजीवी तयार होण्याआधी डासच मरतो आणि हवा थोडी उबदार झाली की पारडं फिरतं. उष्मा फारच वाढला, तर मात्र डासही तगत नाहीत. म्हणून ‘पृथ्वी तापली, हिवताप वाढला’ असं सरसकट म्हणून भागत नाही. कुठे, कोणत्या महिन्यात, किती रुग्ण, हे मोजावंच लागतं.

जबलपूरला हे मोजण्याची जुनी सवय आहे. आदिवासींच्या आरोग्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 1984 मध्ये इथे केंद्र काढलं. तीच आजची राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था. तिच्या संचालक राहिलेल्या डॉ. नीरू सिंह यांनी नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या परिसरातले डास आणि हिवताप यांचा अभ्यास केला. मध्य प्रदेशातला पाऊस आणि हिवतापाचे आकडे शेजारी ठेवूनही त्यांनी पाहिले. हवामानबदल हा शब्द घरोघरी पोचण्याआधीचं हे काम.

पुढे 2017 मध्ये याच संस्थेने राज्य सरकार आणि एका खासगी प्रतिष्ठानाबरोबर शेजारच्या मंडला जिल्ह्यात हिवताप निर्मूलनाचा प्रकल्प हाती घेतला. गोंड आणि बैगा वस्तीची 1,233 गावं. प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी तापाचे रुग्ण शोधत, तिथेच रक्त तपासत, औषध देत आणि बरं वाटलं का हे पाहायला पुन्हा जात. मजुरीहून परतणाऱ्यांवर खास लक्ष असे, कारण त्यांच्याबरोबर परजीवीही गावात येई. जिल्ह्यातला हिवताप सुमारे 91 टक्क्यांनी उतरला. हवामान होतं तेच होतं. बदलली ती नोंद आणि तिच्यामागोमाग जाणारी कृती.

उन्हाच्या बाबतीत नेमकी हीच नोंद कच्ची राहते. मे महिन्यात रस्त्यावर डांबर टाकणारा मजूर कोसळतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ एवढंच येतं. ऊन कागदावर उमटत नाही. अहमदाबादेत मे 2010 मधल्या मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना झाली, तेव्हा नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाल्याचं दिसलं. त्यातून 2013 मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा उभा राहिला. केंद्र सरकारचा हवामानबदल आणि आरोग्य यांविषयीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. उन्हाळ्यातल्या उष्माविकारांच्या रोजच्या नोंदी हा त्याचा एक भाग. पण रुग्णालयातून येणारी मूळ नोंदच अपुरी असेल, तर वरचा तक्ता काय सांगणार? रुग्ण काय काम करत होता, किती वेळ उन्हात होता, दाखल होताना अंगात ताप किती होता, हे तीन प्रश्न केसपेपरवर यायलाच हवेत. शरीराचं तापमान 40 अंशांपुढे गेलं आणि रुग्ण बरळू लागला, तर आधी अंग झपाट्याने थंड करायचं, तपासण्या नंतर.

डॉक्टरांनी स्वतःच्या घरातही पाहायला हवं. जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी 4 टक्क्यांहून थोडा अधिक वाटा आरोग्यसेवेचा असल्याचा अंदाज आहे. भूल देण्याचा डेस्फ्लुरेन हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,500 पट तापदायक ठरतो. त्याऐवजी वापरता येणाऱ्या सेव्होफ्लुरेन या भुलीच्या वायूचा ताप त्याच्या तुलनेत किती तरी कमी. स्कॉटलंडने 2023 मध्ये डेस्फ्लुरेनचा वापर थांबवला. बहुतेक शस्त्रक्रियांत रुग्णाला तोशीस न लागता भूलतज्ज्ञ हा बदल करू शकतो.

वाचकांसाठीही एक काम आहे. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि काही मानसोपचाराची औषधं उन्हाळ्यात शरीराची उष्णता सोसण्याची ताकद कमी करतात. औषध मनाने बंद करू नका. पण होळीच्या आसपास एकदा डॉक्टरांकडे जा आणि उन्हाळ्यासाठी मात्रा तीच ठेवायची का, हे विचारा.