जुनी गाडी घ्या, दुरुस्त करा, विका : टीव्हीवरच्या नफ्यात मजुरी कुठे जाते?

गंजलेली गाडी, तिच्यावर पाण्याचा फवारा, मग नवा रंग आणि शेवटी स्क्रीनवर नफ्याचा आकडा. पूर्वी डिस्कव्हरीवर तासभर चालणारे हे कार्यक्रम आता तुकड्या-तुकड्यांनी रील्समध्ये फिरतात. ते बघून ‘दोनेक लाखांत एखादी जुनी गाडी उचलू, ठीकठाक करू आणि विकू’ असं कुणाच्याही डोक्यात येईल. साठवलेले पैसे घालण्याआधी या कार्यक्रमांचा हिशेब कसा लागतो, ते एकदा नीट समजून घेऊया.

हे कार्यक्रम चालतात कसे?

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे ‘व्हीलर डीलर्स’. हा ब्रिटिश कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. फॉर्म्युला अगदी साधा आहे. माइक ब्रूअर घासाघीस करून जुनी गाडी घेतो, एड चायना ती वर्कशॉपमध्ये दुरुस्त करतो, मग माइक ती विकतो. शेवटी खरेदीची किंमत, पार्ट्सचा खर्च, विक्रीची किंमत आणि उरलेला नफा असा तक्ता येतो.

अमेरिकेतला ‘फास्ट एन लाउड’ वेगळ्या धाटणीचा. डॅलसमधलं गॅस मंकी गॅरेज, मालक रिचर्ड रॉलिंग्ज, सतत डेडलाइन आणि आरडाओरडा. तिसरा नमुना ब्रिटनच्याच ‘कार एसओएस’चा. तिथे टिम शॉ आणि फझ टाउनझेंड एखाद्याची धूळ खात पडलेली गाडी त्याला न कळवता नेतात, दुरुस्त करतात आणि परत देतात. विक्रीच नाही, त्यामुळे नफ्याचा प्रश्नही नाही. माझ्या मते तिघांत प्रामाणिक हिशेब याचाच आहे.

तक्त्यात नसलेला रकाना

‘व्हीलर डीलर्स’च्या नफ्यात एडची मजुरी धरलेली नसते. पार्ट्स धरतात, बाहेरून करून घेतलेलं काम धरतात, पण वर्कशॉपमधल्या त्याच्या तासांची किंमत शून्य.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गाडी १,००० पौंडांना घेतली, पार्ट्सला ६०० लागले, विकली २,२०० ला. स्क्रीनवर नफा दिसेल ६०० पौंड. आता समजा मेकॅनिकने ४० तास काम केलं आणि ताशी ५० पौंड धरले, तर मजुरी झाली २,००० पौंड. म्हणजे प्रत्यक्षात १,४०० पौंडांचा तोटा! वर्कशॉपचं भाडं, वीज आणि लाखोंची हत्यारं तर अजून धरलेलीच नाहीत.

कार्यक्रमाला हे परवडतं, कारण त्यांचा खरा माल गाडी नसून एपिसोड आहे. आपल्याकडे विकायला गाडी सोडून दुसरं काही नसतं. फरक इथेच पडतो.

एड चायना का गेला?

मार्च २०१७ मध्ये एडने कार्यक्रम सोडत असल्याचं जाहीर केलं. निर्मितीची सूत्रं डिस्कव्हरी समूहाच्या ‘व्हेलॉसिटी’ या अमेरिकन चॅनेलकडे गेली होती. एडने दिलेलं कारण असं, की वर्कशॉपमधलं बारकाईचं काम शूट करायला फार अवघड जातं म्हणून चॅनेलला ते कमी करायचं होतं. चाहते इतके भडकले, की माइक ब्रूअरला ऑनलाइन शिव्या आणि धमक्या आल्या. (धमक्या देणं चूकच, त्यात दुमत नाही.) पुढे एडच्या जागी अँट अँस्टेड आला आणि त्याच्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये मेकॅनिक राहिलेला मार्क प्रीस्टली.

गंमत बघा. ज्या कामाची किंमत तक्त्यात शून्य होती, त्याच कामासाठी लोक कार्यक्रम बघत होते.

मग बघण्यासारखं काय आहे?

निदान! गाडी गरम होते, एवढं लक्षण असतं. कारण कूलंट कमी असणं, अडकलेला थर्मोस्टॅट, बंद पडलेला फॅन, खराब वॉटर पंप, चोंदलेला रेडिएटर किंवा उडालेलं हेड गॅस्केट यांपैकी काहीही असू शकतं. चांगला मेकॅनिक थेट इंजिन खोलत नाही. आधी कूलंट बघतो, मग फॅन, मग थर्मोस्टॅट. स्वस्त आणि सोपी तपासणी आधी, महागडी शेवटी. सॉफ्टवेअरमधलं बग शोधणंही असंच चालतं: एकेक शक्यता बाद करत जायची. रील्समध्ये नेमका हाच भाग कापला जातो, कारण ३० सेकंदांत निदान मावत नाही, रंग मावतो.

ब्रिटनचं गणित इथे का बसत नाही?

ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी ‘एमओटी’ तपासणी होते. नंबर टाकला की त्या तपासणीचा इतिहास सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतो, प्रत्येक वेळच्या किलोमीटर-मैलांच्या नोंदीसकट. मीटर मागे फिरवला तर लगेच लक्षात येतं. शिवाय तिथे जुन्या मिनी आणि एमजीबीच्या अख्ख्या बॉडी आजही नव्याने बनवून मिळतात.

आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी होते आणि किलोमीटरची अशी वार्षिक सार्वजनिक नोंद नसते. त्यात गाडी रीतसर तुमच्या नावावर केली, की तुमचा ग्राहक सेकंडऐवजी थर्ड ओनर होतो आणि भाव पडतो. नावावर न करता परस्पर विकायची, तर कागदावर जुनाच मालक राहतो आणि चलन-अपघाताची भानगड त्याच्या गळ्यात. टीव्हीवर करतात तसं इंजिन बदलणं किंवा गाडीचा रंग बदलणं, याचीही आरसीवर नोंद लागते.

फोनवरून काय तपासाल?

विकायला असो वा वापरायला, जुनी गाडी घेण्याआधी एवढं तरी कराच:

१. ‘एमपरिवहन’ अॅपमध्ये नंबर टाकून नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत बघा. थकलेली चलनं परिवहनच्या ई-चलन पोर्टलवर दिसतात.

२. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. कर्ज फिटलं असेल तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ ने तो उतरवावा लागतो. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

३. किलोमीटर खरे आहेत का, हे सर्व्हिस सेंटरच्या जुन्या बिलांवरून ताडा. बिलावर त्या-त्या तारखेचं रीडिंग असतं.

४. ब्लूटूथ ओबीडी अॅडॉप्टर स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावा आणि फोनवर फॉल्ट कोड वाचा. ‘पी०३००’ दिसला तर इंजिन मिसफायर होतंय. काही विक्रेते दाखवण्याआधी कोड पुसून टाकतात. म्हणून अॅपमध्ये ‘रेडीनेस मॉनिटर’ही बघा. बरेचसे ‘इनकम्प्लीट’ असतील, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली आहे. अशा वेळी दोन-तीन दिवस गाडी चालू द्या आणि पुन्हा तपासा.

५. ओबीडीला गंज, अपघातात वाकलेली चासी आणि क्लचची झीज दिसत नाही. त्यासाठी ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या आणि त्याला त्या वेळेचे पैसे द्या.

पाचवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. गॅरेजमध्ये आपण पार्टची छापील किंमत मुकाट्याने देतो आणि घासाघीस करतो ती मजुरीवर. ‘दोन नट तर फिरवले’ म्हणतो. कोणते दोन नट फिरवायचे हे कळायला त्या माणसाची वीस वर्षं गेलेली असतात. कार्यक्रम जरूर बघा, मजा येते. फक्त शेवटचा तक्ता आला की त्यात मजुरीची एक ओळ स्वतः घाला आणि मग बघा नफा किती उरतो.